उमेदवारसाहेब, तुमची रद्दी परत न्या

प्रति,
मा. कर्मठ, जुझारू, मिलनसार, सुशिक्षित, 36 बिरादरींचे लाडके उमेदवारसाहेब,
पक्ष कुठलाही, वॉर्ड कुठलाही,
मानेसर, जिल्हा गुरुग्राम.



पत्रास कारण की, तुमची पत्रं पोचली. एकूण एक पोचली. काही टपालाने आली, काही कुरियरने, काही वर्तमानपत्राच्या पोटातून घसरली, एक दाराच्या कडीला लटकत होतं आणि एक गाडीच्या वायपरखाली. सोबत फ्रिजला चिकटवायचं चुंबकही मिळालं. त्यावर तुम्ही हात जोडून उभे आहात आणि पायाशी वर्षाचं कॅलेंडर आहे. आमच्या घरात मतदार दोन. पाकिटं मात्र चार आली, कारण आमच्या आधी या फ्लॅटमध्ये राहून नोएडाला निघून गेलेल्या जोडप्याला तुम्ही अजून विसरलेला नाहीत. त्यांच्या घरमालकालाही त्यांची इतकी आठवण येत नसेल.

तुम्ही मला नावानिशी ओळखता याचं सुरुवातीला फार अप्रूप वाटलं होतं. मग पाकिटावरचं आडनाव वाचलं. त्यातल्या 'ळ'चा 'ल' झालाय, म्हणजे मतदारयादीत जसा झाला तसाच. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 78अ प्रमाणे लोकसभा-विधानसभेला मान्यताप्राप्त पक्षांच्या उमेदवारांना मतदारयादी सरकारकडून फुकट मिळते, तेव्हा आपली ओळख तिथलीच. हरकत नाही. पुण्याहून चाकण, चाकणहून मानेसर असा गाड्यांच्या सुट्या भागांमागे फिरत आलेल्या माणसाला परमुलखात कुणी चुकीच्या आडनावाने का होईना, हाक मारतंय.

माझी ओळख मीच करून देतो, कारण यादीत ती नाही. आयएमटीमधल्या, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या, एका कारखान्यात मी पॅकिंगचं बघतो. तयार झालेला भाग खोक्यात नीट बसला का, खोकं ट्रकमध्ये दबेल का, पुठ्ठ्याची बर्स्टिंग स्ट्रेंथ किती, दमट हवेत तो मऊ पडेल का, असल्या गोष्टींवर माझं पोट चालतं. तेव्हा तुमच्या मजकुराबद्दल मला फारसं बोलता येणार नाही. कागदाबद्दल मात्र येईल.

तुमचा कागद उत्तम आहे. जाड आर्ट पेपर, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, चार रंगांत छापलेला आणि वरून प्लास्टिकची पातळ फिल्म चढवून चकचकीत केलेला. पाणी पडलं तरी चेहरा धुऊन जात नाही. तुमच्या गेल्या खेपेच्या आश्वासनांपेक्षा हा कागद जास्त टिकलाय, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. वर्तमानपत्राची रद्दी कबाडी हसत नेतो. वहीचा कागद नेतो, पुठ्ठा तर आनंदाने नेतो. तुमचं पत्रक त्याने हातात घेतलं, कोपरा फाडून पाहिला, फाटताना फिल्मचा धागा लोंबला आणि त्याने ते बाजूला ठेवलं. 'ये नहीं चलेगा, साब.' निकालाच्या आधीचा इतका खणखणीत एक्झिट पोल मी दुसरा पाहिलेला नाही.

त्याला ते का चालत नाही हे सांगतो, कारण जाहीर सभेत हा विषय निघत नाही. रद्दीचा कागद इथून छोट्या गोदामात जातो, तिथून मोठ्या गोदामात, आणि त्यातला पुष्कळसा मेरठच्या पलीकडे मुझफ्फरनगरच्या कागद गिरण्यांत. तिथे पल्पर नावाच्या भल्यामोठ्या हौदात पाण्याबरोबर घुसळून त्याचा लगदा करतात. साधा कागद विरघळतो. फिल्म लावलेला कागद विरघळायला तयार नसतो. त्याची सालं सुटतात, चिंध्या होतात, जाळीला गुंडाळतात, आणि शेवटी प्लास्टिकचा एक ओला गोळा उरतो. तो टाकायचा किंवा जाळायचा, तिसरा मार्ग सहसा नसतो. आर्ट पेपरला गुळगुळीत करणारा खडूचा आणि मातीचा थर असतो, तोही धुऊन गाळात जातो. म्हणजे ज्या चमकेसाठी तुम्ही छापखान्याला जादा पैसे मोजले, ती चमक गिरणीच्या हिशेबात वजा होते. वर पाकिटाची प्लास्टिकची खिडकी, स्टिकरचा गोंद आणि ते चुंबक. चुंबकाच्या बाबतीत कबाडी सोडा, मीही हात टेकले.

जे फिल्मविना छापलं गेलं, त्याचं नशीब बरं. लगद्यातून क्राफ्ट पेपर होतो, त्याचं नालीदार खोकं होतं. मिश्र रद्दीतून डुप्लेक्स बोर्ड होतो, एका बाजूने पांढरा आणि आतून करडा, ज्याचे मिठाईचे डबे बनतात. तेव्हा तुमच्या विजयाची बर्फी ज्या डब्यातून वाटली गेली, त्याच्या करड्या बाजूत तुमच्या विरोधकाचा वचननामा मुरलेला असण्याची शक्यता बरीच आहे. सर्वपक्षीय एकजूट याहून मोठी मला माहीत नाही. आमच्या कारखान्यातून ब्रेकचे भाग भरून चाकणला जाणारी खोकीही अशाच लगद्याची. तिथे उतरवून घेणाऱ्या मराठी पोराला पत्ता नाही की तो मानेसरच्या विकासाचा रोडमॅप कटरने कापतोय. पण कागदाचा तंतू काही अमर नसतो. दर फेरीत तो आखूड होत जातो, पाच-सात फेऱ्यांत संपतो, आणि त्याला आधार द्यायला नवा तंतू, म्हणजे नवं झाड, घालावंच लागतं.

(तुमच्या कार्यकर्त्यांच्या गळ्यातल्या पटक्यांचं काय होतं, तेही लगे हात विचारून ठेवतो. जुन्या कापडाच्या पुनर्वापराचं देशातलं मोठं केंद्र इथून फार लांब नाही. पानिपत. आम्हा मराठी माणसांच्या डोळ्यांत त्या नावाने पाणी येतं, तुमच्या पटक्यांना मात्र तिथे मुक्ती मिळू शकेल. पॉलिस्टरचे नसतील तर.)

आता वचननाम्याकडे येतो, कारण तुम्हाला वाटत असेल हा माणूस नुसता कागद चोळत बसलाय. पहिलंच वचन आहे, 'कचरामुक्त मानेसर'. ते फिल्म चढवलेल्या कागदावर, मागच्या बाजूला तुमच्या पूर्ण आकाराच्या फोटोसह छापलेलं आहे. हे वाक्य लिहिणाऱ्या तुमच्या एजन्सीतल्या पोराला माझा नमस्कार सांगा. तो विनोदी लेखक व्हायला हवा होता.

इतिहास तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक असेल. मानेसर 2020च्या डिसेंबरात महानगरपालिका झालं. गावं गेली, सरपंच गेले, आयुक्त आले, आणि पहिली निवडणूक व्हायला 2025चा 2 मार्च उजाडला. 20 वॉर्ड आणि एक महापौर. चार वर्षं तुंबलेली उमेदवारी एकदम वाहू लागली आणि ती आमच्या दाराच्या फटीतून आत आली. 12 मार्चला निकाल लागला. त्या फेरीत हरियाणातल्या 10 महापालिकांपैकी 9 ठिकाणी भाजपचा महापौर झाला आणि उरलेलं एक ठिकाण म्हणजे मानेसर. इथे डॉ. इंद्रजीत कौर यादव अपक्ष उभ्या राहून 2,293 मतांनी निवडून आल्या. मानेसरचा मतदार चिन्ह बघतो, चेहरा बघतो आणि चमक बघून भुलतो, ही समजूत इथल्याच मतदाराने मोडीत काढली. तरीही पुढच्या खेपेला फिल्म आणखी जाड येणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

आणि कचरा? त्याच्या आदल्या वर्षी, 25 मे 2024ला, हरियाणात लोकसभेचं मतदान झालं. त्यानंतर जूनमध्येच राज्य सरकारने गुरुग्राममध्ये आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली घनकचऱ्याची आणीबाणी जाहीर केली. पूर नाही, भूकंप नाही, कचरा. ज्यांनी प्रचारात शहराला सिंगापूर करायचं वचन दिलं होतं, ते सगळे त्या महिन्यात कुठे होते याची चौकशी करणारं पत्रक काही मला आलं नाही. या भागातला कचरा वर्षानुवर्षं जातो तो गुरुग्राम-फरिदाबाद रस्त्यावर, अरवलीच्या कुशीत, बंधवारीला. तिथला डोंगर अरवलीचा नाही, आपला आहे. उन्हाळ्यात त्याला आगी लागतात. तुमच्या फिल्मवाल्या पत्रकांचा तो शेवटचा मुक्काम, कबाडी नाकारतो, गिरणी नाकारते, बंधवारी कुणाला नाही म्हणत नाही.

साहेब, इथून पुढचा भाग जरा बसून वाचा.

तुमचं पत्र माझ्या दारापासून कबाड्याच्या गोदामापर्यंत आपोआप जात नाही. ते उचलणारी, ओल्या कचऱ्यातून वेगळं काढणारी, चिखल पुसून कागद एकीकडे आणि प्लास्टिक दुसरीकडे करणारी माणसं आहेत. गुरुग्राम-मानेसरच्या सोसायट्यांत हे काम करणाऱ्यांत पश्चिम बंगाल आणि आसामहून आलेली बंगाली बोलणारी कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत. रिकाम्या प्लॉटवर भाड्याने झोपडी, झोपडीसमोर निवडलेल्या मालाचे ढीग, आणि विकलेल्या रद्दीवर घरखर्च. त्यांची नावं इथल्या यादीत नाहीत, म्हणून तुमचं पाकीट त्यांच्या नावाने कधी येत नाही. माझ्या नावाने आलेलं मात्र दर वेळी त्यांच्याच हातात जातं. तुमचा मजकूर कुणी नीट पाहिला असेल तर त्यांनी पाहिलाय, कारण जाडी बघायला प्रत्येक तुकडा त्यांना हातात घ्यावा लागतो.

2025च्या जुलैत या माणसांची पडताळणी निघाली. बांगलादेशी असल्याच्या संशयावरून बंगाली बोलणाऱ्या कामगारांना उचलून कम्युनिटी सेंटरांमध्ये ठेवलं गेलं. त्यातलं एक सेंटर मानेसरात होतं. कागदपत्रं तपासून बहुतेकांना सोडून दिलं. पण तोवर शेकडो कुटुंबांनी बोचकी बांधून गावची गाडी धरली होती. मग काय झालं? घरोघरचा कचरा उचलायला माणूस राहिला नाही, पिशव्या दारांत फुगल्या आणि ज्या सोसायट्यांच्या ग्रुपवर आदल्या आठवड्यात 'आता शहर सुरक्षित' असे फॉरवर्ड फिरत होते, तिथेच 'अपना कूड़ेवाला कब आएगा' असं विचारणं सुरू झालं. त्या दिवसांत तुमचं एकही पत्र आलं नाही. निवडणूक झाली होती ना.

कष्टकऱ्याला ओळखपत्र मागणं ही एक रीत झाली. ओळखपत्र देणं ही दुसरी, आणि ती मी जिथून आलो त्या गावात तीस वर्षांपूर्वी होऊन गेलीय. पुण्यात 1993 साली कचरा वेचणाऱ्या बायकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. बाबा आढाव त्यांच्या पाठीशी होते. 1996मध्ये पुणे महापालिकेने या बायकांची ओळखपत्रं मान्य केली. पुढे त्यांच्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि घरोघरचा कचरा गोळा करायचं काम तिने महापालिकेशी करार करून घेतलं. पुण्यात सगळं आलबेल आहे असं नाही. कंत्राटाच्या नूतनीकरणाची टांगती तलवार त्या बायकांच्या डोक्यावर असतेच, आणि पत्रकं छापण्यात आमचे कार्यसम्राट तुम्हाला तसूभर कमी नाहीत. पण तिथल्या बाईच्या गळ्यात पट्टा आहे आणि पट्ट्यावर तिचं नाव आहे. 2016च्या घनकचरा नियमांत तर अशा वेचकांना ओळखून व्यवस्थेत सामावून घ्या, असं स्पष्ट लिहिलं होतं. मानेसरने त्यांना ओळखलं, हे खरं. फक्त ते काम पोलिसांकडे दिलं.

आता थोडं कायद्याचं. घाबरू नका, तुमच्या वकिलाची फी वाढेल इतकं मोठं नाही.

लोकसभा-विधानसभेच्या प्रचारासाठी त्याच लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 127अ आहे. पत्रकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा. नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय छापखान्याने पत्रकाच्या प्रती, किती छापल्या आणि किती पैसे घेतले हे जिल्हा प्रशासनाला तीन दिवसांत कळवायचं, असा निवडणूक आयोगाचा आदेश आहे. म्हणजे कुठला कागद, कुणाचा, किती आणि केवढ्याचा, ही सगळी माहिती सरकारदरबारी गोळा होते. ती गोळा होते तुमच्या खर्चाची मर्यादा तपासायला. मोठ्या राज्यांत विधानसभेला ती 40 लाख आहे, लोकसभेला 95 लाख, आणि पक्षाला मर्यादाच नाही, तेव्हा तपासायचं काय ते तुम्हीच सांगा. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी तो सगळा कागद कुठे गेला, हे मात्र कुणीच विचारत नाही. माझ्याकडे आलेल्या एका पत्रकाच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात 'प्रतियां 1000' असं छापलंय. आमच्या सोसायटीचे टॉवर मोजलेत तर त्या हजाराबद्दल तुम्हालाही हसू येईल.

आता दुसरा एक दंड बघा. उघड्यावर कचरा जाळला तर राष्ट्रीय हरित लवादाच्या 2016च्या आदेशाप्रमाणे पाच हजार रुपये, मोठ्या प्रमाणात जाळला तर पंचवीस हजार. फेब्रुवारीच्या पहाटे आमच्या गेटवरचा गार्ड हात शेकायला तुमची पत्रकं पेटवतो. त्याला पाच हजार. तीच पत्रकं नावपत्त्याविना छापून गाडीभर वाटणाऱ्याला जास्तीत जास्त दोन हजार. तुरुंगाची धमकी कागदावर आहे, तुमच्या बाकी सगळ्या कागदांसारखीच.

शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसीचे बॅनर आणि प्लास्टिकचे झेंडे 1 जुलै 2022पासून देशभर बंद आहेत. कागदावर चढवलेल्या फिल्मचं नाव त्या यादीत नाही, म्हणून ती तुम्ही शोधून काढलीत. या हुशारीतला पाव हिस्सा कचऱ्याच्या गाड्यांच्या वेळापत्रकाला लावलात तर मी स्वतः तुमचं पत्रक वाटीन.

परदेशात काय करतात, असं तुमचा एखादा परदेशी शिकून आलेला सल्लागार सांगेलच, म्हणून आधीच कबूल करतो. ब्रिटनमध्ये संसदेच्या प्रत्येक उमेदवाराला मतदारांना एक पत्रक टपालाने फुकट पाठवण्याचा कायद्याने हक्क आहे. ऑस्ट्रेलियात नको असलेले विक्रीचे फोन बंद करता येतात, राजकीय पक्षांना मात्र त्यातून सूट आहे, कारण कायदा त्यांनीच केलाय. तेव्हा जमात सगळीकडची सारखीच. पण ब्रिटनमधल्या त्या तरतुदीत एक शब्द मला फार आवडला. 'एक.'

मागण्या फार नाहीत. घरटी एक पत्र पाठवा, मतदारागणिक नको. साधा, बिनचमकीचा कागद वापरा. काळी शाई चालेल, तुमचा रंग आम्हाला माहीत आहे. फिल्म नको, खिडकी नको, चुंबक तर अजिबात नको. प्रतींचा खरा आकडा छापा. आणि मतदान संपल्यावर जे कार्यकर्ते वाटायला आले होते, त्यांनाच दारोदार उरलेलं गोळा करायला पाठवा. विजयी मिरवणुकीसाठी माणसं मिळतात, तर यासाठीही मिळतील. गोळा झालेली रद्दी निवडणाऱ्या कुटुंबांना नुसती देऊ नका, निवडण्याची मजुरी देऊन द्या. ती निवडणूक खर्चात दाखवा. इतका प्रामाणिक खर्च तुमच्या हिशेबात दुसरा सापडायचा नाही.

तुमचं चुंबक मी परत पाठवतोय. साध्या टपालाने, तुमच्याच पाकिटात घालून, पत्ता खोडून. खिडकी तेवढी फाटलीय.

आपला,
यादीतला एक मतदार
(आडनावात 'ळ' आहे)

ता. क. हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. विधानसभा-लोकसभेचं पत्रक दारात आलं की रद्दीत टाकण्याआधी उलटं करा आणि तळाशी मुद्रक-प्रकाशकाचं नाव, पत्ता आणि प्रतींचा आकडा बघा. नाव-पत्ता नसेल, किंवा छापलेला आकडा हास्यास्पद असेल, तर फोटो काढून जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे तक्रार करा. महाराष्ट्रात तो जिल्हाधिकारी, हरियाणात उपायुक्त, ज्याला इथे सगळे डीसी म्हणतात. तक्रार एका पानात बसते, आणि त्या पानाला फिल्म लावावी लागत नाही.